उपास, पित्त आणि दही: दही खरंच थंड असतं का?

धागाकर्ती:
यंदा नवरात्रात नऊ दिवसांचे उपास धरले आणि पाचव्या दिवशी जे डोकं ठणकायला लागलं ते उलटी होईपर्यंत थांबलंच नाही. घशाशी आंबट, छातीत जळजळ. सासूबाई म्हणाल्या दही खा, थंड असतं, म्हणून दोन्ही वेळा साबुदाण्याच्या खिचडीबरोबर वाटीभर दही खाल्लं तर आणखीनच वाढलं. वैद्यांनी सगळ्यात आधी दहीच बंद केलं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटांनी सरळ म्हटलंय की दही रात्री खाऊ नये, गरम करून खाऊ नये, आणि वसंत, ग्रीष्म, शरद या ऋतूंत तर नकोच. जिभेला गार लागतं पण गुणाने उष्ण, आणि पचल्यावरही आंबटच. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात म्हणजे आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये उसळतं आणि नेमके तेव्हाच आपण उपास धरतो! फ्रीजमधलं गार ते पित्तावर चांगलं, हा गैरसमज आता जायला हवा असं माझं ठाम मत आहे.

पुणेकर६२:
अजिबात पटलं नाही. दिवसभर रिकामं पोट, वर चार कप चहा, खिचडीत मूठभर दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरच्या, आणि दोष दह्याला? मुळात आपण पित्त हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतो बघा, जळजळ झाली पित्त, डोकं दुखलं पित्त, अंगावर गांधी आल्या तरी पित्तच. माझे वडील कित्येक वर्षं मोरावळा आणि थंड दुधावर काढत होते, शेवटी एंडोस्कोपीत अल्सर निघाला, एच. पायलोरी जंतू. अँटिबायोटिक्सचा कोर्स केला आणि बरे झाले. हा जंतू शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालंय. पथ्य पाळा हो, पण वजन उतरत असेल, शी काळी होत असेल, घास अडकत असेल तर पथ्यावर विसंबू नका, आधी डॉक्टर गाठा.

धागाकर्ती:
तपासणीचं शंभर टक्के मान्य, आणि चहा-मिरचीचंही. पण थंड दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि नंतर आम्ल परत वाढतं हे तर तुमचे डॉक्टरही सांगतात, म्हणजे गार ते शामक नाही हा माझा मुद्दा उरतोच ना?

आमसूल:
आमच्या मालवणकडे अंगावर पित्त उठलं की आमसूल पाण्यात कोळून तेच पाणी अंगाला चोळतात, आणि जेवणानंतर सोलकढी असतेच. तिखट, गोड, कडू अशी यादी हातात धरून आंबट सरसकट बंद करणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं. आवळा आंबटच आहे, डाळिंबही, तरी आंबटाने पित्त वाढतं हे सांगताना आयुर्वेदाच्या चरकांनीच त्यातून हे दोन वेगळे काढलेत की नाही?

बीएएमएस_तिसरं_वर्ष:
काढलेत, पण हे दोनच, त्यात कोकम नाही. सोलकढी सोसते ती नारळाच्या दुधामुळे असं मला वाटतं. आणि तुम्ही त्यात लसूण-मिरची ठेचून घालता, जळजळ असताना तेवढी तरी वगळा.

आमसूल:
लसणीशिवाय सोलकढी? नाही जमणार. मिरची सोडतो.

धागाकर्ती:
माझं सध्या असं चाललंय: सकाळी चहाच्या आधी रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, जेवायला मुगाचं वरण, जुन्या तांदळाचा भात, दुधी नाहीतर पडवळ, वर चमचाभर साजूक तूप. ताक घेते पण ताजं, गोडसर, किंचित खडीसाखर घालून. रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि मला सगळ्यात जास्त फरक याच्यानेच पडला, पुणेकरांनी हे माझ्या दह्याच्या मुद्द्याविरुद्ध खुशाल वापरावं. पुढच्या वर्षी उठता-बसता दोनच उपास धरणार, राजगिऱ्याच्या लाह्या आणि दूध. सासूबाईंना सांगून झालंय, अजून बोलत नाहीयेत.