सवतीला पेन्शन नाही. मग शिक्षा झाली कुणाला?

सातरस्ता_सुनबाई
परवा बार्शीला भावकीतल्या लग्नाला गेले होते. पंगतीत कुणीतरी सिरमौरचा विषय काढला. जुलै 2025 मध्ये हिमाचलातल्या दोन सख्ख्या भावांनी एकाच मुलीशी लग्न लावलं, ते. हशा पिकला. वाढपी सुद्धा बुंदीचं ताट हातात धरून थांबला. त्याच पंगतीत दोन पानं सोडून दोघी बायकांचा दादला जेवत होता, त्याच्याकडं कुणी वळून बघितलं नाही.

मला आपल्या गावाचीच एक केस आठवली. सोलापूर जिल्हाधिकारी कार्यालयातला एक शिपाई 1996 ला वारला. पहिली बायको असताना त्यानं दुसरी केलेली. पुढं पहिली कॅन्सरनं गेली. दुसरीनं पेन्शन मागितली, सरकारनं नाकारली, आणि 2022 ला मुंबई उच्च न्यायालयानंही अर्ज फेटाळला. का? तर पहिलं लग्न मोडलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही.

म्हणजे गुन्हा केला त्यानं. तो नोकरी करून, दोन संसार मांडून गेला. कागद दाखवत फिरली ती. मला सांगा, ही बंदी नक्की कुणावर आहे?

निवांत_वकील
ताई, केस अर्धीच सांगितलीत. नवरा गेल्यावर दोघींनी आपसांत समझोता केला होता. एकरकमी पैशातला मोठा वाटा दुसरीला, महिन्याची पेन्शन पहिलीला. पहिली गेल्यावर दुसरीनं तीही मागितली. ‘रिकाम्या हातानं हाकलली’ असं चित्र नको.

मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी 1946 पासून आहे, 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या आधीपासून. तेव्हाही लोक कोर्टात गेले, 1951 ला कोर्टानं कायदा उचलून धरला. आज दुसरीला पेन्शन दिली की उद्या प्रत्येक साहेब निवृत्तीआधी एक ‘वारस’ आणेल. आणि वाटा कुणाचा कापला जाईल? पहिलीचाच. शिवाय फसवून लग्न केलं असेल तर दुसरीला पोटगी मिळते, सर्वोच्च न्यायालयानं 2013 ला सांगितलंय. पोरं तर औरस धरली जातातच.

सातरस्ता_सुनबाई
समझोत्याचं मान्य, सांगायला हवं होतं. पण त्यातच बघा की. सरकारला जे जमलं नाही ते दोघी सवतींनी जमवलं. आणि या वेळी पहिली हयातच नव्हती, तर कापणार कुणाचं होतं?

शेंगाचटणी
काय बे, सगळं हिंदूंवरच का? ज्यांना चारची परवानगी हाय त्यांचं बोला की आधी.

पंढरीची_एसटी
परवानगी आणि प्रत्यक्ष, दोन्ही वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) ‘नवऱ्याला आणखी बायको आहे’ असं सांगणाऱ्या हिंदू बायका 1.3 टक्के, मुस्लिम 1.9. अनुसूचित जमातींत 2.4. फरक आहे, पण तुम्ही समजता तेवढा नाही. कायदा नको म्हणून म्हणत नाहीये. ट्युनिशियानं 1956 मध्येच बंदी घातली, तो मुस्लिम देशच आहे.

शेंगाचटणी
आकडे कुणी पण देतंय. कायद्यानं एकाला मुभा अन् दुसऱ्याला 7 वर्षांपर्यंत तुरुंग, हे बरोबर का, तेवढं सांगा.

पंढरीची_एसटी
बरोबर नाही. त्या 7 वर्षांचं मात्र हसू येतं. दुसऱ्या लग्नाचा गुन्हा पोलीस आपणहून दाखल करून घेत नाहीत, तक्रार पहिलीनं किंवा तिच्या माहेरच्यांनी करायची. किती जणी करतात?

कंबर_तलाव
सगळे ‘किती बायका’ यावर अडलेत. मला वाटतं जमीन बघावी. हिमाचलातलं किन्नौर, उत्तराखंडातलं जौनसार, तिबेट इथं भावाभावांत एक बायको, कारण डोंगरातलं टीचभर शेत वाटलं तर कुणाचंच पोट भरत नाही. आमच्यात तिघा भावांत साडेचार एकर वाटलं, आता ट्रॅक्टर वळवायला शेजाऱ्याच्या बांधावर चढतो. सातबारा एक ठेवायची ती युक्ती होती. बाईचं स्वातंत्र्य वगैरे काही नाही, तिला द्रौपदीइतकंच विचारलं जायचं.

उलट आफ्रिकेत. अर्थतज्ज्ञ एस्टर बोसेरप यांनी 1970 मध्येच दाखवलं होतं की जिथं कुदळीनं शेती होते आणि राबतात बायका, तिथं एकाला अनेक बायका जास्त. बायको म्हणजे दोन हात. लांब कशाला, शहापूर तालुक्यात डेंगणमाळला पाणी भरायला म्हणून दुसरी-तिसरी बायको आणायचे. पाणीवाली बाई. डोक्यावर हंडा, कुंकवाला धनी, बाकी हक्क शून्य.

केरळात नायर घराण्यांत वेगळं. संबंधम म्हणत. नवरा रात्री यायचा, सकाळी जायचा, बायको आपल्या आईच्या घरात. नको झाला की संबंध संपला. तिथं बाई त्यातल्या त्यात ताठ, कारण घर तिच्या आईच्या वंशाचं.

निवांत_वकील
घर वंशाचं, पण कारभार कारणवराचा, म्हणजे मामाचा. पुरुषाचाच. नवरा जाऊन मामा आला, एवढंच!

कंबर_तलाव
मामा घराबाहेर काढू शकत नव्हता. नवरा काढतो. फरक तिथं आहे.

शेंगाचटणी
हे लई लांबचं झालं. सोलापुरात या.

सातरस्ता_सुनबाई
येते. पूर्व भागात आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा शेजारी एक मावशी विड्या वळायच्या. मांडीवर सुपडं, सुपड्यात तंबाखू, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायच्या. बोलताना नजर वर यायची, बोटं थांबायची नाहीत. नवऱ्यानं दुसरी आणली त्या दिवशीही त्यांनी हजार पुरे केले, कारण संध्याकाळी कारखान्यात माप द्यायचं होतं. माझ्या आईनं सांगितलं, पोलिसांत जा. त्या म्हणाल्या, “आत गेला तर भाडं कोण भरणार, तू?” आई गप्प.

निवांत_वकील
म्हणजे तुमच्याच उदाहरणात कायदा होता, वापरला नाही. दोष कायद्याचा कसा?

सातरस्ता_सुनबाई
वापरायची ऐपत नव्हती, वकीलसाहेब. पुढचं ऐका. काही वर्षांनी त्यांना कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं, स्वतःच्या नावावर. हप्ते विड्यांच्या पैशातूनच. गेल्या दिवाळीत भेटल्या. नवरा म्हातारा झालाय, दुसरीशी पटत नाही, इकडं येऊन राहतो म्हणतोय.

पंढरीची_एसटी
मग? घेतला?

सातरस्ता_सुनबाई
जेवायला घालतात. झोपायला नाही. कुलूप नवीन आणलंय, किल्ली पदराला.