एसएसएचवरून कॉपी: एक्स फॉरवर्डिंग लागतंच असं नाही

लिनक्सवर एक्सक्लिपला (टर्मिनलमधला मजकूर क्लिपबोर्डवर टाकणारी कमांड) पाइप केलं, म्हणजे दुसऱ्या कमांडचं आउटपुट दिलं, तरी कंट्रोल-व्ही दाबल्यावर जुनंच काहीतरी उमटतं, याचं आधीच्या एका उत्तरात दिलेलं कारण बरोबर आहे. एक्सक्लिप मुळात प्रायमरी सिलेक्शनमध्ये, म्हणजे माउसच्या मधल्या बटणाने पेस्ट होतं त्या जागेत लिहितं. पण एसएसएचने जोडलेल्या दूरच्या सर्व्हरवरून कॉपी करायला एक्स फॉरवर्डिंगशिवाय (एक्स म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा; तिचं काम एसएसएचमधून आपल्या मशीनवर आणणं) पर्याय नाही, हे त्याच उत्तरातलं म्हणणं पटलं नाही. ओएससी ५२ नावाचा एस्केप सिक्वेन्स, म्हणजे टर्मिनलला सूचना देणारी खास अक्षरांची साखळी, आहे. प्रोग्रामने मजकूर बेस६४ करून (म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात बदलून) त्यात गुंडाळून नुसता छापायचा; तो टर्मिनलपर्यंत पोचतो आणि टर्मिनल तुमच्याच मशीनवर असल्यामुळे क्लिपबोर्डही तुमचाच भरतो. सर्व्हरवर एक्स नको, एक्सक्लिप नको. टर्मिनलला मात्र याची सोय हवी.

स्क्रिप्टमधून करणार असाल तर एक गोष्ट सांभाळा, माझा अर्धा तास त्यात गेला: जीएनयूचं बेस६४ (लिनक्सवरची नेहमीची कमांड) दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडतं आणि काही टर्मिनल तिथेच अडखळतात. ते टाळायला त्या कमांडच्या डब्ल्यू पर्यायाला शून्य द्या. टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) सेट-क्लिपबोर्ड हे सेटिंग 'ऑन' लागतं. 'एक्स्टर्नल' असेल तर टीमक्स स्वतः कॉपी करतं, आतल्या प्रोग्रामचं ऐकत नाही. उलट दिशेने, म्हणजे क्लिपबोर्ड वाचायला, बरीच टर्मिनलं मुळातच परवानगी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर नुकताच कॉपी केलेला पासवर्ड सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्राम गुपचूप उचलेल. पेस्टसाठी आपलं नेहमीचं कंट्रोल-शिफ्ट-व्ही आहेच.