सागाची पानं अळी फस्त करते, दोष कुणाचा? पक्षी कमी झाले म्हणून की पालवीच तशी म्हणून?

रानवेडा_चंद्रपूर
मागच्या रविवारी मूल रोडकडच्या सागाच्या रोपवनात गेलो होतो. पाऊस नाही, वारा नाही, तरी वरून टपटप आवाज, बघतो तर अळ्यांची लेंडी पडतेय, टोपीवर, खांद्यावर. पानाच्या नुसत्या शिरा उरल्यात, उजेडात धरलं तर मच्छरदाणीच. माझं मत स्पष्ट आहे, हे माणसानं केलंय. ऐन, धावडा, तेंदू, मोह सगळं काढून नुसता साग लावला, मग कोतवाल, सातभाई, कोळी राहणार कुठं? अळी खाणारेच नाहीत तर ती वाढणारच ना.

पानपारखी
नाही पटलं. तुम्ही पाहिली ती जाळी करणारी अळी, ती जून पानावर येते. पूर्ण पान खाणारी दुसरी, तिचा केरळात निलंबूरला खूप अभ्यास झालाय. तिथं वळीव पडून सागाला पालवी फुटली की पतंग झुंडीनं येतात आणि कोवळ्या पानांवरच अंडी घालतात, कारण नुकत्या निघालेल्या अळीला जून पान खाताच येत नाही. कोवळ्या पानात नायट्रोजन जास्त, तो मिळाला की साधारण दोन आठवड्यांत अळी तयार. कोतवालाची पिल्लं उडायला लागेपर्यंत इकडे अळ्यांची अख्खी पिढी उरकते, पक्षी काय करणार?

रानवेडा_चंद्रपूर
मग व्हेनेझुएलाचं गुरी धरण बघा. १९८६ मध्ये पाणी भरलं, टेकड्यांची बेटं झाली, छोट्या बेटांवर शिकारी उरले नाहीत. तिथं पानं कापणाऱ्या मुंग्या १० ते १०० पट झाल्या आणि नवीन रोपं जगेनात. झाडं तीच होती हो!

कापूसवाला_यवतमाळ
दोघं भांडताय पण माझ्या शेतात दोन्ही दिसतं. युरिया जास्त झाला की कपाशीचं पान काळंभोर, लुसलुशीत होतं आणि मावा, तुडतुडे तुटून पडतात. मग घाईनं फवारलं की मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकिडेच आधी मरतात आणि पंधरा दिवसांत मावा परत दुप्पट. खायला चांगलं मिळालं म्हणून वाढतो, आणि अडवणारं कुणी नाही म्हणून वाढतच जातो.

सागमित्र
मग रोपवनात फवारायचंच नाही का? नुकसान खरं आहे. निलंबूरच्या ४ ते ९ वर्षांच्या झाडांची लाकडाची वाढ अळीमुळे ४४ टक्के घटली होती.

पानपारखी
फवारा, पण विष नको. केरळातल्या पीचीच्या वनसंशोधन संस्थेनं त्या अळीच्याच विषाणूवर काम केलंय, तो लागला की अळी लोळागोळा होऊन पानाला लटकते आणि बाकी किड्यांना धक्का लागत नाही. म्हणजे शत्रूचा उपयोग मलाही मान्य आहे, फक्त तो पालवीच्या वेळेलाच पोचायला हवा, उशिरा पोचून उपयोग नाही.

रानवेडा_चंद्रपूर
वेळेचा मुद्दा घेतला मी. पण एकदा स्वतः बघायचंय, पुढच्या मे मध्ये परवानगी मिळाली तर वळीव पडल्या पडल्या पाच रोपांना जाळी बांधणार, पक्षी आत जाणार नाहीत पण पतंग जातील एवढ्या भोकाची, शेजारची पाच उघडी ठेवणार आणि रोज सकाळी अळ्या मोजणार. कापूसवाले, तुम्ही याल का मोजायला?

कापूसवाला_यवतमाळ
येतो. पेरणीच्या आधी असलं तर नक्की.