फुल्ल चार्ज गाडी घाट उतरताना धरत का नाही?

लोणावळ्याचा: राहायला लोणावळ्यात, नोकरी खोपोलीत. उतारावर बॅटरी भरते म्हणून इलेक्ट्रिक गाडी घेतली. रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी निघतो. पण खंडाळा सोडलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी धरत नाही, पायब्रेकवरच यावं लागतं. संध्याकाळी सपाटीवर मात्र पाय काढला की लगेच मंदावते. बिघाड आहे का?

डेपोतला मेकॅनिक: बिघाड नाही, बॅटरीत जागा नाही. उतारावर मोटरच जनरेटर होते, पण ती वीज ठेवायची कुठे? भरलेल्या सेलमध्ये आणखी करंट रेटला तर सेल कायमचा खराब होतो, म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, वाट बंद करते.

हिशेब बघा. माणसं धरून गाडी १७०० किलो, उतार साधारण ५०० मीटर. ही ऊर्जा झाली सव्वादोन युनिट. हवा, टायर, मोटर यांत जाऊन हाती एक-सव्वा युनिट येईल. ३० युनिटच्या बॅटरीत ते जेमतेम चार टक्के. चार्जिंगची मर्यादा ९० वर ठेवा, भरपूर झालं.

माझी उमर एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. भरलेली बस १६ टनांची धरली तर याच घाटात २२ युनिट होतात, आणि ते सगळे आम्ही इंजिन ब्रेकिंग (खालच्या गिअरात इंजिननेच वेग रोखणं) नि ब्रेकच्या लायनरमध्ये घालवायचो. नवखा ड्रायव्हर वरच्या गिअरात उतरला की खाली ड्रममधून करपट वास यायचा. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं की तडा गेलाच. आता ई-शिवनेरी त्यातला निम्मा भाग जरी परत घेत असेल, तरी आठ-दहा किलोमीटरची सोय झाली. हे बघायला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

बॅटरीवाली: काकांशी सहमत. फक्त तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे अधूनमधून १०० टक्के चार्ज करा. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यावरून चार्ज किती ते नीट कळत नाही, म्हणून अधूनमधून पूर्ण भरली नाही तर टक्केवारी चुकत जाते. तो चार्ज घाट उतरायच्या आदल्या रात्री नको, सुट्टीच्या आधी करा.

स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या खाणीसाठी ई-डंपर बनवलाय, ६०० युनिटची बॅटरी. वरून दगड भरून उतरतो, रिकामा चढतो. उतरताना वजन दुपटीहून जास्त, म्हणून चढायची बरीचशी वीज उतारावरच मिळते. आपल्याकडे डोंगरावरच्या खाणींसाठी यावर काम व्हायलाच हवं.

लोणावळ्याचा: ९० वर ठेवली. आज खंडाळ्यापासून गाडी छान धरत होती, ब्रेक फक्त वळणांवर लागला. काका, आता ब्रेक पॅड वर्षानुवर्षं बघायला नकोत ना?

डेपोतला मेकॅनिक: पॅड फारसे झिजणार नाहीत, पण लोणावळ्याच्या पावसात न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. पावसाळ्यात रोज एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, पायब्रेक चांगला दाबा. आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना वर्षातून एकदा साफ करून ग्रीस करून घ्या.