गाडी वाहून नेण्याच्या जुन्या ट्रेलरवर सहाशे डॉलर खर्च करायचे आहेत: आधी काय करावे?

कोलंबसकर:

नमस्कार मंडळी,

मी ओहायोतील कोलंबस येथे राहतो आणि उन्हाळ्यात माझी १९९४ सालची माझदा मियाटा घेऊन लेक्सिंग्टनजवळच्या मिड-ओहायो ट्रॅकवर जातो. आतापर्यंत मी गाडी चालवतच नेत असे. परंतु गेल्या मोसमातील शेवटच्या दिवशी क्लच निकामी झाला, ती घरी आणण्यासाठी बरेच पैसे मोजावे लागले आणि त्यानंतर मी स्वतःचा ट्रेलर घेण्याचे ठरवले.

घेतलेला ट्रेलर जुना, उघडा, १८ फूट लांबीचा आणि लाकडी फळ्यांचा आहे. त्याला ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल आहेत, पाटीवर एकूण वजनमर्यादा ७,००० पौंड लिहिलेली आहे आणि रिकाम्या ट्रेलरचे वजन २,००० पौंडांच्या आसपास भरते. इलेक्ट्रिक ब्रेक फक्त पुढच्या ॲक्सलला आहेत. ते चालतात असे आधीच्या मालकाने सांगितले असले तरी मी अद्याप तपासलेले नाहीत. मागच्या दिव्यांपैकी उजवा कधी लागतो, कधी लागत नाही. टायरची नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. ओढण्यासाठी माझ्याकडे टोयोटा फोररनर आहे, जिची ओढण्याची क्षमता ५,००० पौंड आहे आणि जिच्यात ब्रेक कंट्रोलर व सात पिनांचे सॉकेट आधीच बसवलेले आहे.

इलेक्ट्रिक विंच (बंद गाडी केबलने ट्रेलरवर ओढून घेणारे यंत्र), पुढच्या दांड्यावर अवजारांची पेटी, जादा चाक लावण्याचा कंस, एलईडी दिवे आणि गाडी बांधण्यासाठी ई-ट्रॅकच्या पट्ट्या (पट्टे अडकवायच्या खाचा असलेल्या लोखंडी पट्ट्या) हे सारे करावे असे मनात आहे. खर्चाची मर्यादा ६०० डॉलर आहे. ड्रिल, पान्यांचा संच, टॉर्क पाना आणि मल्टिमीटर घरी आहे. वेल्डिंग मला येत नाही. यातील कोणते काम आधी हाती घ्यावे आणि कोणते सोडून द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

---

ग्रँड रॅपिड्सचा शेजारी:

नमस्कार. आपल्या यादीविषयी बोलण्याआधी वजनाचा हिशेब मांडतो, कारण आपल्या बाबतीत सगळे त्यावरच ठरणार आहे. ट्रेलर २,००० पौंड, मियाटा साधारण २,३०० पौंड, ट्रॅकसाठीची वेगळी चाके, जॅक आणि अवजारे ३०० पौंड धरली तर बेरीज ४,६०० होते. फोररनरच्या मर्यादेपर्यंत केवळ ४०० पौंड उरतात, आणि त्या गाडीत माणसे व सामान असणार ते वेगळेच. विंच, तिची बॅटरी, जाड केबल आणि लोखंडी पेटी मिळून सहज दीडशे-दोनशे पौंड होतात, तेही बहुतेक सगळे पुढच्या दांड्यावर. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ज्या सुधारणांनी ट्रेलरचे वजन वाढत नाही त्या आधी कराव्यात, आणि सुदैवाने त्याच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेच्या आहेत.

पहिले काम ब्रेकचे. प्रत्येक ब्रेकच्या दोन वायरींपैकी एक सोडवून मल्टिमीटरने आतील चुंबकाचा रोध मोजा. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलवरील १० इंची ब्रेकमध्ये तो सुमारे ३.२ ओहम यायला हवा. शून्याच्या जवळ आला तर आत शॉर्ट आहे आणि काहीच आकडा आला नाही तर वायर किंवा चुंबकाचे वेटोळे तुटले आहे. दोन्ही ब्रेक धडधाकट असतील तर पूर्ण दाबावर ब्रेकच्या निळ्या वायरीतून साडेसात अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. याहून बराच कमी प्रवाह दिसल्यास जोडांमध्ये गंज आहे असे समजून प्रत्येक जोड उघडून पाहा. चुंबक खराब निघाला तर केवळ चुंबक न बदलता बूट (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग), स्प्रिंग आणि चुंबक बसवलेली तयार ब्रेक प्लेटच घ्यावी. चार-पाच बोल्ट काढले की जुनी निघते आणि नवी बसते. डावी आणि उजवी प्लेट वेगळी असते, एवढे विकत घेताना पाहावे.

त्यानंतर ब्रेकचे अंतर जुळवा. चाक हाताने फिरवत राहा आणि प्लेटच्या मागच्या खाचेतून दातेरी चकती इतकी फिरवा की चाक जाम होईल. मग ती दहाएक दाते मागे घ्या, म्हणजे चाक फिरताना बूट जेमतेम घासल्याचा आवाज येईल. या कामाला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही जुन्या ट्रेलरांवर नेमके हेच वर्षानुवर्षे राहून गेलेले असते. दोनशे मैलांनंतर ते पुन्हा एकदा करावे.

ड्रम उतरलेलाच असेल तेव्हा बेअरिंगही पाहून घ्या. गावाकडे बैलगाडीच्या आखाला वेळेवर वंगण घातले नाही तर गाडी कुरकुरून तक्रार करते. ट्रेलरचे बेअरिंग मात्र बहुधा तक्रार न करता थेट हायवेवर जळते. ग्रीसचा रंग दुधाळ झाला असेल तर आत पाणी शिरले आहे. बेअरिंग रॉकेलने स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, प्रत्येक रोलरच्या मागे ग्रीस शिरेपर्यंत ते तळहातावर दाबून भरावे. रोलरवर किंवा बाहेरच्या कड्यावर निळसर डाग अथवा खड्डे दिसले तर दोन्ही एकत्र बदलावेत. मागचे सील प्रत्येक वेळी नवेच घालावे, कारण जुन्या सीलमधून ग्रीस गळून ब्रेकच्या बुटांवर गेले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. पुढील काळात दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी हे काम पुन्हा करावे लागेल.

टायरची नक्षी पाहून समाधान मानू नका. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ट्रेलरचे टायर बहुतेक वेळ उन्हात उभे राहून आतून वाळतात, त्यामुळे पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी त्यांच्यावर विसंबू नये.

ट्रेलर उचलताना जॅक ॲक्सलच्या नळीखाली न लावता चौकटीखाली लावा आणि स्टँड दिल्याशिवाय चाक काढू नका.

---

तारजोडणी:

दिव्यांविषयी लिहितो, कारण उजवा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही हे आपले वर्णन वाचताच दोष कुठे असेल याचा अंदाज आला. जुन्या ट्रेलरांमध्ये दिव्याचे अर्थिंग त्याच्या बोल्टमधून चौकटीला मिळते. बोल्टभोवती रंग आणि गंज यांचा थर साचला की प्रवाहाचा परतीचा मार्ग तुटतो. मग खड्ड्यात गाडी आपटली की दिवा लागतो आणि पुढच्या खड्ड्यात विझतो. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते हा प्रकार आणखी लवकर घडवून आणते.

नवे एलईडी दिवे जुन्याच अर्थिंगवर बसवले तर तोच दोष नव्या दिव्यांनाही लागेल. म्हणून प्रत्येक दिव्यापासून एक स्वतंत्र पांढरी वायर ओढून ती पुढे सात पिनांच्या प्लगच्या पांढऱ्या वायरीला जोडा आणि चौकटीवर अवलंबून राहूच नका. जोडांसाठी आतून चिकट थर असलेली, उष्णतेने आवळणारी नळी वापरावी आणि जुन्या वायरीला चिमटून बसणारे निळे क्लिप मुळीच वापरू नयेत, कारण त्यांतून पाणी तांब्यापर्यंत पोहोचते. ब्रेकची निळी वायर बारीक असेल तर त्याच वेळी ती १२ गेजची करून घ्यावी.

आपला ट्रेलर चाकांवरच्या मडगार्डांसह ८० इंचांहून रुंद असणार. तसे असेल तर मागे मध्यभागी तीन लाल दिव्यांची ओळ कायद्याने आवश्यक आहे. ती तुटलेली किंवा नाहीशी झालेली असेल तर आताच बसवून टाका. दोन्ही बाजूंना आणि मागे लाल-पांढरी परावर्तक पट्टी लावायला पंधरा-वीस डॉलर पुरतात. पत्रा आधी स्पिरिटने पुसून घ्यावा, नाहीतर पहिल्याच थंडीत पट्टी सुटते.

आणखी एक गोष्ट. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी पिन, तिचा स्विच आणि तिची छोटी बॅटरी तपासलीत का? प्लग काढून ठेवून पिन ओढा आणि मग चाक फिरते का ते पाहा. बॅटरीने किमान १५ मिनिटे ब्रेक धरून ठेवायला हवेत. नवी बॅटरी फार महाग नसते.

---

कोलंबसकर:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. शनिवारचा पूर्ण दिवस ट्रेलरखाली घालवला. डाव्या ब्रेकचा रोध ३.३ ओहम आला. उजवीकडे मल्टिमीटरवर काहीच आकडा आला नाही. ड्रम उतरवल्यावर कारण समोरच दिसले: चुंबकाची वायर प्लेटमधून जिथे आत येते तिथे रबरी बूच नव्हते आणि पत्र्याच्या धारेवर घासून वायर पूर्ण तुटली होती. म्हणजे आजवर हा ट्रेलर चारपैकी एकाच चाकावर थांबत होता. त्याच हबमधील ग्रीस ताकासारखे पांढरट झाले होते आणि बोटांवर घेतल्यावर त्यात गंजाची कणी लागत होती. टायरवरचे चार आकडे २२१३ निघाले, म्हणजे २०१३ सालचा बाविसावा आठवडा.

दोन नव्या ब्रेक प्लेट, चारही हबांची सीलें, उजवीकडचे बेअरिंग, वायर आणि दिवे यांची मागणी नोंदवली आहे. टायर चारही बदलायचे ठरवले, त्यामुळे ६०० डॉलरची मर्यादा ओलांडली जाईल. परंतु ते पुढे ढकलण्याची माझी तयारी नाही. आता गाडी बांधण्याविषयी कोणी सांगू शकेल का? तसेच मियाटा फार खाली असल्यामुळे रॅम्पवर चढताना तिचा पुढचा बंपर घासतो.

---

सांगलीकर, सध्या ह्यूस्टन:

टायर घेताना २०५/७५ आर १५ या मापाचे, एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचे) अक्षरांचे, भारश्रेणी सी असलेले घेतलेत तरी ५० पीएसआय हवेला प्रत्येकी १,८२० पौंड भार मिळतो, जो आपल्या कामाला भरपूर आहे. हवा मात्र बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकीच भरावी. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळून पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासावेत.

गाडी बांधण्यासाठी चाकांवरून जाणारे पट्टे घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. चाक बांधले की गाडीचे सस्पेन्शन मोकळे राहते, पट्टे वाटेत ढिले पडत नाहीत आणि मियाटासारख्या खाली बसलेल्या गाडीच्या तळाशी हुक अडकवण्यासाठी आडवे पडावे लागत नाही. २ इंच रुंदीच्या चांगल्या रॅचेट पट्ट्यावर ३,३३३ पौंडांची कामाची मर्यादा छापलेली असते. छापील पट्टीच नसलेला पट्टा घेऊ नये. ई-ट्रॅकची पट्टी फक्त फळ्यांवर लाकडी स्क्रूने बसवलेली मी अनेकदा पाहिली आहे आणि ती पाहून प्रत्येक वेळी काळजी वाटते, कारण अचानक ब्रेक लागल्यावर फळीसकट पट्टी उचलली जाऊ शकते. बोल्ट फळीखालच्या लोखंडी आडव्या पट्टीतून आरपार गेला पाहिजे. जिथे ती पट्टी येत नाही तिथे खालून जाड पोलादी पत्रा द्यावा. आपल्याला वेल्डिंग येत नसले तरी अडणार नाही. पूर्ण पट्ट्यांऐवजी चाकांच्या जागी एकेक सुटा ई-ट्रॅक कंस बसवला तर वजन आणि पैसा दोन्ही वाचतील.

कंसांना भोके पाडण्याआधी गाडीची जागा निश्चित करा. कपलरवर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, ओढणाऱ्या गाडीला जोडायचा भाग) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. आपल्या बाबतीत तो ४६० ते ६९० पौंड होतो. त्यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर मागे साप वळवळावा तसा डोलू लागतो. मोजण्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो: एक भक्कम फळी घ्या, तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे तीन फुटांवर काट्यावर ठेवा, कपलरचा भार विटेपासून एक फुटावर येऊ द्या आणि काट्याचा आकडा तिप्पट करा. ट्रेलर त्या वेळी समतल असावा. गाडी पुढे-मागे सरकवून योग्य आकडा मिळाला की पुढच्या चाकांसमोर चार इंची लाकडी ओंडका आरपार बोल्टने पक्का करून टाका. माझ्या ट्रेलरवर खर्चाच्या मानाने सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू तीच आहे, कारण त्यानंतर दर वेळी गाडी डोळे मिटून त्याच जागी उभी राहते.

बंपरसाठी आधी फुकटचा उपाय करून पाहा. ट्रेलर फोररनरला जोडलेलाच ठेवून फोररनरची मागची चाके फळ्यांवर चढवा. ट्रेलरचे पुढचे टोक वर गेले की मागचे खाली येते आणि रॅम्पचा चढ कमी होतो. तेवढ्याने भागले नाही तर रॅम्पच्या पायथ्याशी दोन जाड लाकडी फळ्या जोडून लांबी वाढवा. गाडी चढवताना ट्रेलरच्या मागच्या कडेखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्यायला विसरू नका, नाहीतर मागे वजन येताच फोररनरचा मागचा भाग उचलला जाईल.

---

कोलंबसकर:

अतिशय उपयुक्त माहिती दिलीत. एकच शेवटची शंका: क्लच पुन्हा गेला तर विंचवाचून बंद गाडी वर कशी चढवावी? आणि दोन फळ्या टोकाला मऊ लागत आहेत, त्यांचे काय करावे?

---

ग्रँड रॅपिड्सचा शेजारी:

दोन टनांचा हाताने ओढायचा रॅचेट विंच चाळीस-पन्नास डॉलरना मिळतो आणि तो फोररनरच्या सीटमागेही मावतो. एका दमात त्याची दोरी काही फूटच ओढली जाते, म्हणून सोबत एक साखळी ठेवा. दर टप्प्याला मागच्या चाकांमागे अडण्या लावून साखळी आखडती घ्यायची. मियाटाला पंधरा-वीस मिनिटे लागतील. मोसमातून एकदा वेळ आली तर तेवढे चालून जाते.

मऊ लागणाऱ्या फळ्या काढून टाका आणि बाहेरच्या वापरासाठी प्रक्रिया केलेल्या पाइनच्या त्याच मापाच्या नव्या बसवा. फळ्या निघाल्यावर खालच्या लोखंडी पट्ट्या उघड्या पडतील. तेवढ्यात त्या तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक रंग लावून घ्या, कारण ही संधी पुन्हा लवकर येत नाही. उरलेल्या फळ्यांना जवसाचे उकळलेले तेल पातळ करून दोन हात द्या. तेल पुसलेली फडकी मात्र बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर काँक्रीटवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्या.