सिंचन प्रकल्पाची किंमत पन्नासपट होते, तेव्हा त्यात महागाईचा वाटा किती असतो?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

वैनगंगा नदीवरच्या आमच्या गोसीखुर्द धरण प्रकल्पाची मूळ किंमत 1982-83 च्या दरांनुसार 372.22 कोटी रुपये होती. 1988 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि 2012-13 च्या दरसूचीनुसार किंमत 18,494.57 कोटींवर गेली. त्या तीस वर्षांत घाऊक किमती ढोबळ मानाने आठपट झाल्या. मूळ आकडा आठपट केला, तरी तो तीन हजार कोटींच्या आतच राहतो. मग उरलेले पंधरा हजार कोटी नेमके कशाचे? भ्रष्टाचार हे उत्तर सगळेच देतात. चौकशा झाल्या, गुन्हेही दाखल झाले, त्यामुळे ते उत्तर मी नाकारत नाही. परंतु अंदाजपत्रक आणि वेळापत्रक आतून कसे बिघडते, हे प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीकडून समजून घ्यायचे आहे.

निवृत्त उपअभियंता

सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, म्हणजे ‘सुप्रमा’च्या, प्रत्येक प्रस्तावाला किंमतवाढीचा कारणनिहाय तक्ता जोडलेला असतो. दरसूचीतील बदल, भूसंपादन व पुनर्वसन, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील बदल, मूळ अपुऱ्या तरतुदी आणि आस्थापनेसह अनुषंगिक खर्च, अशी त्याची साधारण विभागणी असते. आपण ज्याला महागाई म्हणता, ती यांपैकी फक्त पहिल्या रकान्यात बसते. भूसंपादनाचा रकाना स्वतंत्रपणे फुगतो, कारण 2013 चा नवा कायदा लागू झाल्यावर ग्रामीण भागात बाजारभावाच्या चारपटीपर्यंत मोबदला द्यावा लागतो. तो शेतकऱ्याच्या हक्काचाच आहे, पण जमीन वीस वर्षे आधी ताब्यात घेतली असती, तर प्रकल्पावरचा हा भार पुष्कळ कमी झाला असता.

माझ्या अनुभवात सर्वाधिक फसवा रकाना ‘अपुऱ्या तरतुदी’ हा आहे. धरणाच्या पायाचे अन्वेषण बऱ्यापैकी होते, कारण तेथे जोखीम सर्वांना दिसते. शेकडो किलोमीटरच्या कालव्यांसाठी मात्र मोजकीच चाचणी विवरे घेतली जातात आणि मधला भाग अंदाजाने भरला जातो. काम सुरू झाल्यावर खोदकामात मुरमाऐवजी कठीण खडक लागतो किंवा काळी माती लागते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर थेट काँक्रीटचे अस्तरीकरण केले, तर ते तडकते. म्हणून अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो, ज्याला साइटवर सगळे ‘सीएनएस’ म्हणतात. तो मुरूम अंदाजपत्रकात पाच किलोमीटरवरून आणायचा धरलेला असतो आणि प्रत्यक्षात योग्य खाण पंचवीस किलोमीटरवर सापडते. या वाढलेल्या ‘लीड’चा, म्हणजे वाहतूक अंतराचा, परिणाम प्रत्येक घनमीटरवर होतो. कामाचे परिमाण निविदेतल्या आकड्याच्या सव्वापटीपुढे गेले की ठेक्याच्या करारातील कलम 38 लागू होऊन वाढीव कामाचा दर नव्याने ठरतो. हे कलम मुळात न्याय्य आहे, परंतु सर्वेक्षण कच्चे असले की तेच खर्चवाढीचे दार बनते.

लेखाशाखा

वरील सर्व मान्य करूनही मला वाटते की मूळ दुखणे निधी पातळ पसरण्याचे आहे. समजा, एखाद्या प्रकल्पाचे 1,000 कोटींचे काम शिल्लक आहे, वर्षाला 100 कोटी मिळतात आणि दर आठ टक्क्यांनी वाढतात. वर्षाअखेर 900 कोटींचे काम उरते, पण नव्या दराने त्याची किंमत 972 कोटी होते. शंभर कोटी खर्चून प्रकल्प केवळ 28 कोटींनी पुढे सरकतो. हाच निधी 60 कोटींवर आला, तर उरलेले काम पैशात मोजल्यास कमी होण्याऐवजी वाढते. आस्थापनेचा खर्च आणि ठेकेदाराची थकीत देयके मी यात धरलेलीच नाहीत. देयक थकले की यंत्रसामग्री दुसऱ्या कामावर जाते आणि मुदतवाढीचा प्रस्ताव येतो.

केंद्राने 2016 मध्ये देशातील 99 प्रकल्प निवडून नाबार्डमार्फत कर्जाची सोय केली, त्यात महाराष्ट्राचे 26 होते आणि गोसीखुर्दही होता. थोडे प्रकल्प निवडून त्यांना पुरेसा पैसा देणे ही दिशा माझ्या मते बरोबर होती. डिसेंबर 2019 ची मुदत मात्र अनेकांना पाळता आली नाही, कारण पैसा आला तरी जमीन ताब्यात नव्हती.

प्रवराकाठचा शेतकरी

शेवटचे वाक्य प्रवरा नदीवरच्या आमच्या निळवंडे धरणाला तंतोतंत लागू पडते. 1970 मध्ये सुमारे आठ कोटींचा असलेला हा प्रकल्प 5,177 कोटींवर गेला आणि डाव्या कालव्याचे जलपूजन 2023 च्या ऑक्टोबरमध्ये झाले. जागा म्हाळादेवीहून निळवंड्याला बदलली, त्यात काळ गेला. पुढे धरणात पाणी साठू लागले, तरी कालवे तयार नव्हते. खालच्या तालुक्यांत कालवा खोदून तयार आणि अकोले तालुक्यातील सुरुवातीचा भाग रखडलेला, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. अकोल्यातील शेतकऱ्यांना मी दोष देत नाही. बागायती जमीन कालव्याखाली जाणार असेल, तर ते प्रश्न विचारणारच. दोष कामाच्या क्रमाचा आहे. कालव्याचे काम मुखाकडून शेपटाकडे आणि धरणाबरोबरीने व्हायला हवे, कारण मधला एक किलोमीटर तुटका असला, तरी त्याखालच्या सगळ्या कालव्यावरचा खर्च अडकून पडतो.

वैनगंगाकाठ

आमच्याकडेही मुख्य कालव्यावर पाणी दिसते, पण शेतापर्यंतच्या वितरिका अपुऱ्या आहेत. तेव्हा आम्ही माहिती अधिकारात नेमके काय मागावे?

निवृत्त उपअभियंता

सुप्रमाचा तो कारणनिहाय तक्ता आणि राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे त्यावरील अभिप्राय आधी मागा. त्यासोबत आपल्या भागातील प्रत्येक वितरिकेचा जमीन-ताब्याचा तपशील साखळी क्रमांकासह, म्हणजे मुखापासूनच्या अंतरानुसार, मागा आणि त्याच वितरिकेच्या कार्यारंभ आदेशाची तारीख त्याच्या शेजारी लिहून काढा. आदेश आधीचा आणि ताबा नंतरचा असेल, तर त्या कामाची मुदतवाढ पहिल्याच दिवशी ठरलेली होती, हे कागदावर दिसेल. शक्य असल्यास पुढच्या निविदेपूर्वीच अधीक्षक अभियंत्यांना लेखी विचारा की, सलग किती किलोमीटर जमीन ताब्यात आहे. आता बंद नलिकांमधून वितरण करण्याचे धोरण असल्याने कायम संपादनाची गरज बरीच घटली आहे, मात्र नळ टाकताना होणाऱ्या पीकनुकसानीची भरपाई अंदाजपत्रकात धरली आहे का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.