सेवा करणाऱ्यांची खुर्ची रिकामीच

महिला दिनाला सगळ्या वाहिन्या गृहिणींवर बोलतात, म्हणजे घरच्या सेवेची दखल घेतली जाते, हे म्हणणं मला पटत नाही. त्या दिवशी गौरव होतो, चर्चा नाही; टीव्हीवरच्या रोजच्या चर्चेत घरी सेवा करणाऱ्या बाईला खुर्चीच नसते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा दरमहा दीड हजारावर किती वाद झडले! तिजोरीवर भार किती, मतं कुणाला. ती बहीण दिवसभर घरात कुणाकुणाचं काय करते, हे मी तरी एकाही चर्चेत ऐकलं नाही.

सरकारचीच २०२४ ची वेळ-वापर पाहणी बघा. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातली मुलं, आजारी, म्हातारी माणसं सांभाळतात, रोज सरासरी १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं.

माझ्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. रात्री नऊला चर्चा सुरू व्हायची तेव्हा मी त्यांना चमच्याने पेज भरवत असायचे. अशा बाईला स्टुडिओत येणं जमणार नाही. दुपारी फोन करून तिचं म्हणणं रेकॉर्ड करा, एवढं तरी जमेल ना?

विषयही तयार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. तो कुणाला मिळतो, किती मिळतो, यावर मंत्र्यांना एकदा तासभर धारेवर धरा.